जिप्सीचं मागचं डिफरन्शियल: घरी खोलू की बाहेर देऊ?

मोटरवाला_आजरा

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिप्सी किंग, २००७ ची, सॉफ्ट टॉप. माझं आजऱ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली जळालेली मोटार उचलून आणायची, भरून झाली की परत नेऊन बसवायची, ही सगळी ने-आण याच गाडीवर चालते. जूनच्या तोंडावर हिरण्यकेशीच्या काठावरच्या मोटारी पुराआधी वर काढायच्या असतात, तेव्हा तर दिवसभर चिखलातच असतो. ट्रॅक्टर सोडला तर तिकडे दुसरं काही जात नाही. गाडी थांबली की दुकान थांबतं.

या पावसाळ्यात मागून आवाज धरलाय. ४५ च्या पुढे हूऽऽ असा सूर सुरू होतो आणि ६० ला तो कानात बसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो, सोडला की सूर बदलतो, पण पूर्ण जात नाही. पहिल्या गिअरला गाडी उचलताना ‘टक्’ असा ठोकाही येतो. शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट (सांधे) गेल्या वर्षी बदललेत आणि ग्रीस वेळच्या वेळी मारतो, त्यामुळे तिथे काही नसावं असं वाटतं.

इथल्या मिस्त्रींनी एक फेरी मारली आणि सांगितलं, ‘क्राउन-पिनियन गेलं, सेट बदलायचा, २२,००० होतील.’ (क्राउन-पिनियन म्हणजे डिफरन्शियलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकाची जोडी; इंजिनाची ताकद तिथून मागच्या चाकांकडे वळते.) रक्कम मोठी आहेच. पण ती बाजूला ठेवली तरी गाडी जॅकवर न घेता हे कसं कळलं, हे मला कळलं नाही.

बेअरिंग काढणं-घालणं हे माझं रोजचं काम आहे. पुलर आहेत, हाताची छोटी हायड्रॉलिक प्रेस आहे, मायक्रोमीटर आहे. जिप्सीचे ब्रेक शू, क्लच प्लेट, मागचे ऑईल सील हे मीच करत आलोय. डिफरन्शियल मात्र कधी उघडलेलं नाही. शिम (जाडी साधायची पातळ चकती), प्ले (दातांमधली मोकळीक), ब्लू म्हणजे रंग मारून दात कुठे टेकतात तो चट्टा बघणं हे ऐकून माहीत आहे, हाताने केलेलं नाही. शिकायची मनापासून इच्छा आहे. पण दसऱ्यानंतर रब्बीच्या मोटारी चालू होतात, तोपर्यंत गाडी रस्त्यावर हवी. घरचे म्हणतात, देऊन टाक आणि मोकळा हो.

ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगावं. माझ्यासारख्याने यात हात घालावा का? घातला तर कुठपर्यंत?

---

सह्याद्री_फोरव्हील (नाशिक)

दादा, खोलू पण नका आणि दुरुस्तीला देऊ पण नका. आख्खी असेंब्ली बदला.

जिप्सीला हे सोपं आहे. महिंद्राच्या जुन्या जीपसारखं क्राउन-पिनियन अ‍ॅक्सलच्या पोटातच बसवलेलं नसतं. पुढच्या बाजूचे नट काढले की कास्टिंगसकट सगळं बाहेर येतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मालात चौकशी करा. २०१९ नंतर शोरूममधून नवी जिप्सी मिळाली नसली तरी सुटा माल अजून फिरतोय. मी असंच केलं आणि आजवर त्रास नाही. सेटिंगच्या फंदात पडलात तर दसरा सोडा, दिवाळी जाईल.

---

एसटीवाले_अण्णा (कोल्हापूर)

मोटरवाले भाऊ, मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत उमेदीची सगळी वर्षं युनिटांच्या टेबलावर काढली आणि प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. गगनबावड्याहून करूळ घाट चढ-उतार करणाऱ्या गाड्यांची डिफरन्शियलं हाताखालून गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

घरी की बाहेर हा प्रश्न नंतरचा. तुमच्या गाडीचं निदानच अजून झालेलं नाही. मिस्त्रींनी अंदाज सांगितलाय आणि तो बरोबरही असेल, पण अंदाजावर २२,००० घालायचे नसतात.

आधी मागचं तेल एका स्वच्छ भांड्यात काढा. दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी गेलंय. त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळसर मऊ लगदा लागला तर घाबरू नका, तो इतक्या वर्षांच्या गाडीत असतोच. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे लागले तर दात नाहीतर बेअरिंग तुटायला लागलंय.

मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडवायचे दगड) लावा, मागची दोन्ही चाकं उचला आणि चेसिसखाली भक्कम घोड्या द्या. नुसत्या जॅकवर गाडी चालू करायची नाही, हे माझं हात जोडून सांगणं आहे. टू व्हीलमध्ये ठेवून गाडी गिअरमध्ये हळू फिरू द्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावा. मोटारीच्या बेअरिंगला तुम्ही हेच करता, त्यामुळे कान तुमचा तयार आहे. पहिल्यांदा पिनियनच्या नाकाशी, जिथे प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागे आणणारा दांडा) येऊन मिळतो तिथे. मग दोन्ही बाजूंना. मग चाकाच्या टोकांना. पिनियन चाकाच्या एका फेऱ्यात जवळजवळ चार फेरे घेतो, त्यामुळे त्याच्या बेअरिंगचा आवाज बारीक आणि वेगात येतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर जाड आणि संथ असते. रस्त्यावर स्टिअरिंग जरा डावी-उजवीकडे केल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग धरा.

जिप्सीत आणखी एक घोटाळा होतो. तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा, मधोमध लटकलेला असतो आणि त्याचाही स्वतःचा एक सूर असतो. तो पत्र्यातून मागे येतो आणि लोक डिफरन्शियल खोलून बसतात. स्क्रूड्रायव्हर तिथेही टेकवा.

गाडी बंद करून प्रोपेलर शाफ्ट सोडवा. सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) छिन्नीने खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. आता पिनियनचा फ्लँज हातात धरून वर-खाली हलवा. कणभर जरी वर-खाली हलला तरी पिनियनचं बेअरिंग गेलं. गोल फिरवताना जो थोडा खुळखुळा लागतो तो दातांमधला प्ले, तो असायलाच हवा. तुमचा ‘टक्’ तिथला आहे, आतल्या लहान गिअरांचा आहे की शाफ्टच्या स्प्लाइनचा (सरकत्या जोडाच्या खाचांचा), तेही इथे कळेल.

एवढं केल्यावर काय गेलंय हे तुम्हाला कळलेलं असेल. आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

बेअरिंग तुम्ही रोज बसवता. मोटारीत बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला टेकलं की काम संपलं, ते किती आत गेलं हे कुणी विचारत नाही. इथे सगळा खेळच किती आत गेलं याचा आहे. पिनियनच्या डोक्यामागे जी शिम असते तिच्या जाडीत काही शतांश मिलिमीटर फरक पडला तरी दात चुकीच्या जागी घासतात. गाडी रडते आणि काही महिन्यांत नवा सेट खराब होतो. म्हणून क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असतात आणि जोडीनेच बदलायचे असतात.

दुसरी अडचण प्रीलोडची. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक दबणारी कॉलर असते. फ्लँजचा नट आवळत गेलं की ती दबत जाते आणि बेअरिंगवर हवा तेवढा ताण येतो. हा ताण मोजायला फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढायचं आणि पिनियन फिरायला किती ओढ लागते ते बघायचं. नट जरा जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, कारण दबलेली कॉलर परत फुगत नाही. नवी कॉलर घालून पुन्हा सुरुवात. बरेच मिस्त्री जुनीच कॉलर ठेवतात, नटावर छिन्नीची खूण करून त्याच खुणेवर परत आणतात. बेअरिंग नवं घातलं असेल तर त्या खुणेला काही अर्थ राहत नाही. आमच्याकडे हे चालत नसे आणि आजही मला ते बघवत नाही.

मग बॅकलॅश, म्हणजे दातांमधला प्ले. जिप्सीच्या जातीच्या सुझुकीला तो ०.१० ते ०.१५ मिमी ठेवतात, तुमच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. तो डायल गेजनेच मोजायचा, बोटाच्या अंदाजाने नाही. शेवटी दातांना रंग लावून चट्टा बघायचा. आम्ही शेंदूर तेलात कालवून लावायचो. त्यात शिसं असतं, हात स्वच्छ धुवायचे. चट्टा दाताच्या मधोमध आला पाहिजे. दाताच्या शेंड्याकडे आला तर पिनियन लांब राहिलाय, शिम जाड घाला. मुळाशी आला तर पिनियन फार आत गेलाय, शिम बारीक करा. रुंद किंवा अरुंद टोकाकडे सरकला असेल तर क्राउन सरकवून प्ले बघा.

तेव्हा माझं मत असं. काढणं, धुणं, तपासणं आणि परत गाडीत बसवणं तुम्ही करा. तुमच्याइतका वेळ त्या कामाला दुसरा कुणी देणार नाही. पिनियनपासून चट्ट्यापर्यंतचं काम ज्याच्याकडे डायल गेज आहे आणि तो वापरताना दिसतो त्याला द्या, आणि समोर उभे राहून करून घ्या. एसटीत आम्ही हेच बघितलं. डेपोत युनिट खोलायचं नाही, तिथे काढायचं आणि तयार युनिट चढवायचं, खोलणं टेबलावर. डेपोतले कारागीर आमच्यापेक्षा कमी होते म्हणून असं नव्हतं. गाडीखाली पडून, वर धूळ उडत असताना शतांश मिलिमीटरचं काम होत नाही.

नाशिकच्या भाऊंना एवढंच सांगेन की जुनी असेंब्ली वाईट नसते, पण तीही कुणाच्या तरी गाडीतून आवाजामुळेच निघालेली असू शकते. घेतलीत तर आधी क्राउनचे आणि पिनियनचे दात मोजा. जुनी एक लिटरची जिप्सी आणि १.३ लिटरची किंग यांचा माल बाजारात एकत्र पडलेला असतो. मागचं गुणोत्तर पुढच्याशी जुळलं नाही आणि घट्ट रस्त्यावर फोर बाय फोर टाकलं तर ट्रान्सफर केसची वाट लागेल.

---

सह्याद्री_फोरव्हील (नाशिक)

अण्णा, दात मोजायचा मुद्दा मान्य, मीही मोजून घेतले होते. पण एक सांगतो. छोट्या गावात डायल गेज वापरणारा माणूस सापडणं हाच मोठा प्रश्न आहे. आमच्याकडे सेटिंग करून आणलेली एक गाडी पहिल्यापेक्षा जास्त ओरडत होती. असेंब्ली बदलली की निदान त्या हाताच्या भरवशावर राहावं लागत नाही.

---

वर्षा_उद्यमनगर (कोल्हापूर)

मी शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं मशीन शॉप चालवते. लेथ, प्रेस, सरफेस ग्राइंडर. क्राउन-पिनियनची सेटिंगं आमच्याकडे येतात, जास्त करून टेम्पो आणि जुन्या जीपची. अण्णांनी लिहिलेलं तांत्रिक सगळं बरोबर आहे. पण अर्धं तुम्ही करा, अर्धं बाहेर द्या, यात आमच्या बाजूने काय होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

लोक घरी खोलतात आणि मग आणतात. सिमेंटच्या पिशवीत क्राउन, पिनियन, कप, कोन, सगळं एकत्र, ग्रीस आणि मातीत माखलेलं. शिम कुठे आहे विचारलं तर ‘एक पातळ चकती होती, बहुतेक जुन्या बेअरिंगबरोबर टाकली.’ ती चकतीच आम्हाला सगळ्यात आधी हवी असते. जुनं क्राउन-पिनियन परत वापरायचं असेल तर कारखान्यातून आलेली शिम ही आमची सुरुवातीची जागा असते. ती नसेल तर शून्यापासून जाड-बारीक शिम घालून बघत बसायचं आणि तेवढी मजुरी वाढते.

दुसरं म्हणजे बेअरिंगच्या कॅप. त्या कास्टिंगवर बसवूनच बोअर केलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली किंवा उलटी बसली तर बोअर गोल राहत नाही आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवळून चालतं. उघडायचंच असेल तर आधी सेंटर पंचने डावीकडे कॅपवर आणि कास्टिंगवर एकेक टिंब, उजवीकडे दोन-दोन. पाच मिनिटांचं काम आहे.

म्हणून माझा आग्रह असा की असेंब्ली गाडीतून काढा, बाहेरून रॉकेलने स्वच्छ धुवा, पण आत हात न घालता आणा. दातांवरचा जुना चट्टा, आत्ताचा प्ले, नटाचा ताण, हे मला खोलण्याआधी मोजता आलं तर काय बिघडलं ते कळतं. एकदा सुटं झालं की ती माहिती गेली.

आणि गॅरंटीचं स्पष्ट बोलते. मी बसवलेल्या बेअरिंगची आणि सेटिंगची जबाबदारी माझी. गाडीत बसवताना सील कापलं, तेल घालायचं राहिलं, शाफ्ट ठोकून घातला, तर ती माझी नाही. यावरूनच नंतर वाद होतात. आता मी प्रत्येक कामात बॅकलॅशचा आकडा बिलावर लिहून देते आणि चट्ट्याचा फोटो गिऱ्हाईकाच्या फोनवर घ्यायला लावते. तुम्ही कुणाकडेही द्या, पण हे दोन मागा. जो द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडे गेज नाही असं समजा. नाशिकच्या दादांना चांगला माणूस कसा ओळखायचा हा प्रश्न पडलाय, त्याला माझं उत्तर हेच.

बेअरिंग ओळखीच्या आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. टेपर बेअरिंगमध्ये नकली माल फार येतो आणि डबी बघून कळत नाही.

---

मिशिगनकर

मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ आहे. इथे उलटं गणित आहे म्हणून लिहितो. इथे माल स्वस्त आणि मजुरी महाग. माझ्या जीप रँग्लरच्या मागच्या अ‍ॅक्सलची मजुरी ऐकून मी स्वतः करायचं ठरवलं. इथे सुट्या भागांच्या दुकानात अनामत रक्कम ठेवली की पुलरसारखी अवजारं वापरायला मिळतात आणि परत केल्यावर पैसे परत. त्यामुळे एका कामासाठी सगळं विकत घ्यावं लागलं नाही.

रँग्लरचं डिफरन्शियल अ‍ॅक्सलच्या आतच असतं, जिप्सीसारखं सुटं निघत नाही. म्हणजे सगळी मापं गाडीखाली आडवं पडून. अण्णा म्हणतात ते पटतं. टेबलावर करता आलं असतं तर मी एका पायावर तयार झालो असतो.

मोटरवाल्या दादांना एक युक्ती सांगतो, ती त्यांच्या हातात बसेल. जुन्या पिनियन बेअरिंगचं आतलं भोक थोडं ग्राइंड करून मोठं करायचं, म्हणजे ते हातानेच सरकून बसतं आणि निघतं. शिम बदलून चट्टा बघताना हे बेअरिंग वापरायचं. शिम नक्की झाली की मगच नवं बेअरिंग प्रेसने कायमचं बसवायचं. नाहीतर दर वेळी नवं बेअरिंग दाबा आणि ओढून काढा, यात ते बेअरिंगच खराब होतं. मात्र जुनं आणि नवं एकाच कंपनीचं, एकाच नंबरचं असावं, आणि दोन्हींची जाडी मायक्रोमीटरने ताडून बघावी.

तरीही स्पष्ट सांगतो. तुमच्या जागी, दसऱ्याची मुदत असताना आणि उद्यमनगर तुमच्याच जिल्ह्यात असताना, मी सेटिंग बाहेर दिलं असतं. शिकायचं असेल तर भंगारातून एक खराब असेंब्ली आणा आणि पावसाळ्यात दुकानात निवांत तिच्यावर शिका. ज्या गाडीवर पोट आहे तिच्यावर पहिला प्रयोग नको.

---

मोटरवाला_आजरा

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांनी सांगितलं त्या क्रमाने सगळं केलं, काय निघालं ते लिहितो. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

तेल दुधाळ निघालं. चुंबकाला लगदा आणि थोडे बारीक चमकणारे कण. घोड्यांवर घेऊन ऐकलं तर चाकांची टोकं शांत. पिनियनच्या नाकाशी स्क्रूड्रायव्हर टेकवल्याबरोबर खरखर थेट कानात. हा आवाज मी मोटारीत रोज ऐकतो, शंकाच राहिली नाही. शाफ्ट सोडवून फ्लँज धरला तर वर-खाली स्पष्ट हलत होता. ‘टक्’ मात्र वेगळाच निघाला. शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनमध्ये झीज आहे, तो डिफरन्शियलचा नव्हताच.

मागचे ड्रम काढले. शाफ्ट बाहेर येईनात. मग ड्रम उलटा लावून, नट सैल ठेवून, त्यालाच झटके दिले तसे दोन्ही सुटले. असेंब्ली उतरवताना भाऊ मदतीला होता. एकट्याने छातीवर घ्यायचं हे वजन नाही.

वर्षाताईंचं ऐकून आत हात घातला नाही. धुऊन तशीच उद्यमनगरात नेली. आधी फोन करून विचारलं होतं, ‘बॅकलॅश बिलावर लिहून द्याल का?’ दोन ठिकाणी उत्तर गोलगोल आलं. तिसऱ्या ठिकाणी ‘या, तुमच्यासमोर मोजतो’ म्हणाले, तिथे दिली.

खोललं तेव्हा पिनियनच्या पुढच्या बेअरिंगच्या रोलरवर एका बाजूला गंजाचे खड्डे. गाडी उभी असताना पाणी खाली साचून राहतं, तिथलेच रोलर खाल्लेले. क्राउनचे आणि पिनियनचे दात बघून कारागीर म्हणाले, हे अजून पुष्कळ चालेल, सेट बदलू नका. पिनियनची दोन्ही बेअरिंगं, कडेची दोन्ही, कॉलर, नट, सील, एवढंच नवं. शिम मायक्रोमीटरने चार जागी मोजली, कड ऑईलस्टोनवर घासून तीच परत घातली.

त्यांनी नट आवळताना किती थोडा-थोडा आवळला ते बघण्यासारखं होतं. लांब टॉमी लावून जेमतेम सरकेल एवढा ओढायचा, थांबायचं, पिनियन हाताने फिरवून बेअरिंग बसू द्यायचं, दोरीला काटा लावून ओढ बघायची, परत जरासा. शेवटी तर टॉमी हलली की नाही हे मला दिसतही नव्हतं, पण काट्यावर आकडा वाढत होता. डायलवर प्ले ०.१२ आला. चट्टा मधोमध, किंचित अरुंद टोकाकडे. लोड आला की तो मध्ये सरकतो असं त्यांनी समजावलं. फोटो घेतलाय.

पाणी कुठून गेलं तेही सापडलं. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची वाट) चिखलाने पूर्ण बुजलेला होता. गरम झालेलं हाऊसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. आता ब्रीदरला रबरी नळी जोडून ती मागच्या दिव्याच्या मागे, उंचावर नेऊन बांधली.

खर्च माल आणि मजुरी धरून ९,४०० झाला. शाफ्टची आतली सील, ब्रेक ऑईल आणि जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० तेल हे माझं वेगळं. गाडीत मीच बसवलं आणि ब्रेकची हवा काढली. ६० ला आता मागून आवाज नाही. मागचा गोंगाट गेल्यावर मधून, बहुतेक ट्रान्सफर केसमधून, एक हलका सूर मात्र ऐकू येतोय. आधीही असणार. अण्णा, त्याला लगेच हात घालू का? आणि ही स्प्लाइन?

मिशिगनकरांचा सल्ला मनात घोळतोय. त्याच कारागिरांच्या कोपऱ्यात एक मोडकं डिफरन्शियल पडलं होतं, किलोच्या भावाने मागून ठेवलंय.

---

एसटीवाले_अण्णा (कोल्हापूर)

वाचून फार बरं वाटलं. सेट वाचला हे सगळ्यात चांगलं झालं. कारखान्याने जोडलेली जोडी शाबूत असताना काढून टाकणं मला कधीच पटलं नाही.

ट्रान्सफर केसचं तेल काढून बघा. पातळी बरोबर आणि तेल स्वच्छ असेल, गिअर उडत नसेल, तर रब्बी होऊ द्या. त्याचे रबरी माउंट तेवढे तपासा. ते दबून गेले असतील तर आवाज पत्र्यात जास्त घुमतो आणि ते तुम्ही दुकानातच बदलू शकता. स्प्लाइनला घाई नाही, पण ग्रीस सोडू नका आणि ठोका वाढला तर शाफ्ट बदला, वेल्डिंग करून घेऊ नका.

डिफरन्शियलला पहिले काही दिवस जड ओझं नको. एखादी लांब फेरी झाली की थांबून पिनियनच्या नाकाजवळ हात लावा. कोमट असणं ठीक, हात ठेवता येईना इतकं तापलं तर प्रीलोड जास्त झालाय, तसंच परत घेऊन जा. पाचशे किलोमीटरला तेल बदला. हाऊसिंगच्या कोपऱ्यात राहिलेलं जुनं पाणी आणि गाळ त्याच्याबरोबर निघून जाईल. पुढच्या अ‍ॅक्सलचं तेलही त्याच दिवशी काढून बघा. ओढ्यात दोन्ही अ‍ॅक्सल शिरले होते आणि पुढचा ब्रीदरही तितकाच जुना आहे.